ढग वाळत घातलाय

स्पंज हा प्राणी आहे हे तुळजापुरातल्या मुलींच्या गळी उतरवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं मला नोकरीच्या पहिल्या वर्षांत वाटायचं. समुद्र इथून कुठल्या कुठं. वर्गातल्या बहुतेक मुलींनी पाहिलेलं मोठ्यातलं मोठं पाणी म्हणजे गावाबाहेरची विहीर, नाहीतर पावसाळ्यातला ओढा, तोही पाऊस झाला तर. त्यांच्यापुढं उभं राहून मी सांगणार की खाऱ्या पाण्याच्या तळाशी, दगडाला चिकटून, जन्मभर एका जागी बसलेलं एक जनावर असतं. त्याला डोळे नाहीत, हातपाय नाहीत, अंगभर नुसती भोकं. मुली माझ्याकडं दयेनं बघायच्या.

"बाई, ते हलतं कधी?"

"हलत नाही."

"वरडतं तरी का?"

"नाही."

"मग झाडच की हो ते!"

आता यात त्या पोरींची चूक नव्हती. मोठमोठ्या विद्वानांनी शेकडो वर्षं स्पंजाला झाडांतच मोजलं होतं. पुढं कुणीतरी पाण्यात रंगाची पूड सोडून बघितली, तेव्हा दिसलं की बारीक भोकांतून पाणी आत जातंय आणि मोठ्या भोकातून बाहेर पडतंय. आत कुणीतरी जेवत होतं. मग विद्वानांनी माना डोलावल्या आणि त्याला उचलून प्राण्यांत बसवलं. प्राण्यांत बसवल्यावर सांगाडा बघून त्याचे तीन वर्ग पाडले. चुन्याच्या काट्यांचे ते एक. काचेच्या काट्यांचे ते दुसरे, ते खोल समुद्रात. आणि तिसऱ्या वर्गात उरलेले सगळे, बहुतेक तेच. त्यांतच आपला अंघोळीचा स्पंज येतो. त्याला काटा नाही. नुसत्या चिवट, मऊ धाग्यांचं जाळं. तो जिवंत असताना बाहेर काढतात, मांस कुजवतात, पिळून धुऊन टाकतात, आणि राहतो तो सांगाडा दुकानात येतो. हे सगळं मी फळ्यावर लिहायची. मुली वहीत उतरवायच्या आणि परीक्षेत "स्पंज ही एक वनस्पती आहे" असं लिहायच्या. मी तांबड्या शाईनं शून्य द्यायची. मला या बाबतीत दयामाया नव्हती.

मी मूळची हैदराबादची. वडील तिथं कचेरीत कारकून, घरात मराठी, रस्त्यावर उर्दू, कॉलेजात इंग्रजी. लग्न करून तुळजापुरात आले तोवर निजाम जाऊन बरीच वर्षं झाली होती. जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्र झाला. शाळा मराठीत आल्या, पुस्तकं नवी निघाली. माझे यजमान उस्मानाबादेत कलेक्टर कचेरीत होते. ते शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं यायचे आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचे. बाकीचे दिवस घरात आम्ही तिघं. मी, सासूबाई आणि सासरे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामंजी.

मामंजींचं घराणं उपाध्येपणाचं. बाहेरगावचे यजमान देवीला आले की त्यांची पूजा-अभिषेक सांगायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. मामंजी स्वतः निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले. अक्षर दोन्ही लिप्यांत मोत्यासारखं. आणि सोवळं असं कडक की मी आल्याच्या आठवड्यात कानाला खडा लावला, या माणसाच्या वाटेला जायचं नाही.

त्यांचा एकच प्रश्न असायचा. घरात कुठलीही नवी वस्तू आली की तिच्याकडं बोट करून विचारायचे, "हे कशाचं?"

साबण कशाचा? चरबी असते म्हणतात. बाहेर. अंगाला डाळीचं पीठ लावायचं. घड्याळाचा पट्टा कशाचा? चामड्याचा. बाहेर. दातांचा ब्रश कशाचा? डुकराच्या केसांचाही असतो, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलेलं. ब्रश तर बाहेरच, पण तो आणणारा मुलगाही अंघोळ केल्याशिवाय आत यायचा नाही. रेशीम मात्र चालायचं, कितीही किडे मेलेले असोत. लोकर चालायची. मध चालायचा, कस्तुरी चालायची, आणि देवघरातला शंख तर पूजेतला मानकरी. मी एकदा मनात म्हटलं, आमच्या शास्त्रज्ञांनी प्राण्यांचे वर्ग पाडले ते सांगाडा बघून, यांनी पाडलेत ते कशावरून देव जाणे. पण पाडलेत पक्के. तिथं पुरवणी परीक्षा नव्हती.

मग त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं बोबडं. समजायचं सगळं. बोललेलं आत्याबाईंना आधी कळायला लागलं, मग हळूहळू मला. आणि इतकं होऊनही प्रश्न सुटला नाही. जित्याची खोड! डॉक्टरांनी शेकायला रबरी पिशवी दिली तर डाव्या हाताचं बोट उचललं, "हे... कशाचं?" मी म्हटलं, झाडाचा चीक असतो मामंजी. चालली.

उन्हाळा आला आणि त्यांची पाठ जायला लागली. माणूस एका जागी पडून राहिला की कातडी किती पटकन सोडते हे मी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. आत्याबाई पंचा भिजवून पुसायच्या. पंचा धुऊन धुऊन मऊ झालेला, पण तोही त्यांना सोसेना. हात लावला की ओरडायचे. ज्या माणसाचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तो माणूस पाठ पुसताना लहान पोरासारखा ओरडायचा. आत्याबाई पंचा खाली ठेवून भिंतीकडं तोंड करून उभ्या राहायच्या. मला ते बघवायचं नाही. मी शाळेत लवकर जायला लागले, हे खरं.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर घरी येऊन पाठ बघून गेले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "जखमा अजून वरवर आहेत. खोल गेल्या तर आवरायच्या नाहीत, सांगून ठेवतो. कूस बदलत राहा, पाठ स्वच्छ आणि कोरडी ठेवा. कापडानं घासू नका. मऊ स्पंज मिळाला तर बघा, खरा, समुद्रातला."

तुळजापुरात कुठला मिळायला. शनिवारी यजमानांना सांगितलं, तर ते म्हणाले, मला त्यातलं काय कळतंय, तूच चल. मग रविवारी मीच त्यांच्याबरोबर उस्मानाबादेत गेले. दोन-तीन दुकानांत "स्पंज आहे का" विचारलं, तर एकानं खुर्चीच्या गादीतला रबराचा तुकडा दाखवला. शेवटी औषधी मुळ्या विकणाऱ्या अत्ताराच्या दुकानात गेलो. तिथं म्हातारे अत्तार गल्ल्यावर बसलेले. मी हातानं आकार करून दाखवला, भोकं दाखवली. ते हसले.

"असं म्हणा की बाई. मुआ बादल पाहिजे तुम्हाला."

मी हैदराबादची असून हा शब्द पहिल्यांदा ऐकत होते. मुआ म्हणजे मेलेला. मेलेला ढग. त्यांनी वरच्या फळीवरून एक डबा काढला आणि आतून तो काढला. पिवळट तपकिरी, हलका, दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढा. कॉलेजातल्या काचेच्या बरणीत जो मी बघितला होता, तोच. म्हणाले, "अरबस्तानाकडून मुंबैला येतो, मुंबैहून इथं. पूर्वी हकीम लोक जाळून राख द्यायचे, गळा सुजला की. आता कोण विचारतंय."

घरी आणला आणि मूर्खासारखं दुकानात ऐकलेलं नाव आत्याबाईंना सांगून बसले. त्यांनी हात मागं घेतला.

"मुआ? अगं, मुआ म्हणजे मेलेला ना? आजारी माणसाच्या खोलीत मेलेलं घेऊन आलीस व्हय!"

मुआ ही त्यांच्या लेखी शिवी होती. बाजारात बाया भांडताना एकमेकींच्या नवऱ्यांना म्हणायच्या ती. मी नाना परींनी समजावलं, की नाव काही का असेना, वस्तू चांगली आहे, डॉक्टरांनीच सांगितलीय. त्यांनी ती उलटी-सुलटी करून बघितली. पाण्यात बुडवली, पिळली, स्वतःच्या गालाला लावली. गालाला लावल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

"मऊ हाय गं लई," त्या म्हणाल्या. "पण ते मुआ-बिआ या घरात चालायचं न्हाई. नुसता ढग म्हणायचा."

त्या स्पंज घेऊन खोलीत गेल्या, मी कोमट पाण्याचं गंगाळ घेऊन मागोमाग. मामंजींनी बघितलं. बोट उचललं.

"हे... कशाचं?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते मला आजही माहीत नाही. पण आत्याबाई माझ्या आधी बोलल्या.

"ढगाचं."

मामंजी त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांचा ओठ आणखी वाकडा झाला, गाल थरथरला, घशातून काहीतरी आवाज निघाला. आत्याबाई घाबरल्या, "अगंबाई, परत झटका आला की काय!" म्हणून त्यांनी त्यांचं डोकं धरलं. क्षणभरानं ते निवले. मग त्यांनी स्वतःहून मान पलीकडं वळवली, पाठ पुसायला दिली. आत्याबाईंनी ढग टेकवला. ते ओरडले नाहीत.

तेव्हापासून घरात ढगाचं राज्य सुरू झालं. ढग भिजव. ढग पिळ. कडुलिंबाच्या पाण्यातून ढग काढलास का? आमची शेजारीण भिंतीपलीकडून ऐकायची. पाऊस लांबलेला, लोक आभाळाकडं डोळे लावून बसलेले, आणि आमच्या अंगणातून आत्याबाईंचा आवाज, "अगं, ढग वाळत घातलाय, काढ आत!" शेजारीण एकदा म्हणाली, "तरीच म्हटलं पाऊस का येईना. तुम्ही वाळवताय व्हय!" आत्याबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मामंजी पडल्यापासून त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

पाठ हळूहळू सुधारली. जखमांच्या कडा कोरड्या झाल्या, काहींवर नवी कातडी धरली. डॉक्टर येऊन बघून गेले आणि म्हणाले, असंच चालू ठेवा. मामंजी पडल्या पडल्या डाव्या हातानं संध्या करायला लागले. आणि मी शाळेत जाऊन मुलींना सांगत होते, स्पंज हा प्राणी आहे. एक मुलगी म्हणाली, "बाई, जे हलत न्हाई, बोलत न्हाई, ते जनावर कसं?" मी खडू ठेवला आणि म्हटलं, "हलत नाही, बोलत नाही, तरी माणूससुद्धा माणूसच असतो. बस खाली." माझा आवाज जरा चढलाच. पोरगी बिचारी खाली बसली, तिला काय माहीत.

ढग कशाचा, हे मला घरी कुणी विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. एवढ्यावर चाललं होतं. पण आमच्या घरात एक दुसरी परीक्षा होती, तिच्याकडं माझं लक्षच गेलं नाही.

झालं असं. मामंजींचा सोवळ्याचा कद, म्हणजे पूजेचं रेशमी धोतर, विरला होता. पडून का असेना, संध्या कदातच व्हायची. सोलापूरचा एक कापडवाला घरोघर यायचा. त्यानं कद दाखवला, छान चकचकीत. त्या वर्षांत नकली रेशीम फार निघालेलं आणि कुणावर भरवसा नव्हता. जाणत्या बायकांची त्यावर एक युक्ती होती. काठाचा एक धागा ओढायचा, चुलीच्या निखाऱ्यावर धरायचा आणि वास घ्यायचा. कागद जळल्यासारखा आला तर नकली. केस जळल्यासारखा आला तर खरं रेशीम. आत्याबाईंनी धागा जाळला, हुंगला, म्हणाल्या, "कागद हाय मेला." कापडवाला आपलं गाठोडं बांधून गेला.

मी तोवर पाणी गरम करत होते. ढगाचा एक कोपरा फाटून लोंबत होता, तो आत्याबाईंनी कात्रीनं कापला होता आणि तुकडा चुलीपाशीच पडला होता. निखारा तयार, हात तयार. त्यांनी तो सहज निखाऱ्यावर टाकला. काही शंका मनात होती म्हणून, की केर चुलीत टाकावा तसा, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

केस जळल्याचा वास स्वयंपाकघरभर पसरला.

आत्याबाई चुलीकडं बघत बसल्या. मग उठून दार लोटलं आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

"झाडाला केसाचा वास येत न्हाई," त्या म्हणाल्या. "तू शाळेत शिकवतीस. खरं सांग."

मी खरं सांगितलं. सगळं. समुद्र, भोकं, पाणी, तीन वर्ग. चुन्याचे, काचेचे आणि हे धाग्याचे. सांगाडा आहे हेही सांगितलं. त्या ऐकत होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, पुसत नव्हत्या.

"म्हणजे मी रोज त्यांना हाडानं पुसतीय."

"हाड नव्हे आत्याबाई. रेशमासारखंच आहे ते. आणि शंख चालतो ना देवघरात? शंख तरी कशाचा असतो?"

"शंख देवानं हातात धरलाय," त्या फटकन म्हणाल्या. "ह्याला कुठल्या देवानं धरलंय, सांग बरं!"

 कुठल्याच विद्यापीठात याचं उत्तर नाही.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं की काय होईल, जणू मला माहीत नव्हतं. मामंजींना कळलं तर ते ढग टाकून देतील. एवढंच नाही, इतके दिवस चाललं म्हणून प्रायश्चित्त घेतील, उपास काढतील. ह्या देहात उपास काढायची ताकद कुठली! पाठ परत जाईल, आणि पाठ गेली की माणूस गेला. त्या बोलता बोलता थांबल्या. पलीकडच्या खोलीत मामंजी डाव्या हातानं पळी-पंचपात्राशी काहीतरी करत होते, त्याचा बारीक आवाज येत होता.

"आमच्यात दोनच वर्ग असतात," आत्याबाई म्हणाल्या. "चालतं आणि चालत न्हाई. आजपासून तिसरा. विचारायचं न्हाई. त्यात हा ढग. पाप माझ्या डोक्यावर, तुझ्या न्हाई. पण त्यांनी तुला विचारलं तर?"

"मला खोटं बोलता येत नाही, आत्याबाई."

"तर मग त्यांच्यापुढं जास्त जाऊ नको," त्या म्हणाल्या आणि पाणी घेऊन आत गेल्या.

मी गेले नाही. कितीतरी दिवस दारातूनच हवं-नको विचारायची. मला राग येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं. खरं बोलावं तर एका माणसाची कातडी जाणार. खोटं बोलावं तर उद्या वर्गात कुठल्या तोंडानं शून्य द्यायचं? इकडं आड, तिकडं विहीर. आणि विहिरीतही पाणी नाही.

श्रावणातल्या एका दुपारी आत्याबाई देवळात गेल्या होत्या, खूप दिवसांनी. पाठ पुसायची वेळ झाली आणि त्या आल्या नाहीत. मामंजींनी हाक मारली. तोंडातून "सूनबाई" असं नीट निघायचं नाही, "शूनाई" निघायचं. मी पाणी घेतलं, ढग घेतला, आत गेले. खाली मान घालून भिजवला, पिळला. त्यांनी बोट उचललं. मला वाटलं, झालं, आता सुटका नाही.

"हे... कशाचं?"

मी त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं. डोळे पूर्वीचेच होते, साबण बाहेर काढणारे.

"प्राण्याचं, मामंजी," मी म्हटलं. "समुद्रातलं जनावर असतं. त्याचा सांगाडा आहे हा."

 ढगातलं पाणी चटईवर गळत होतं. त्यांचं बोट खाली आलं. मग बोलायला लागले. एकेक शब्द, मधे श्वास. कितीतरी वेळ लागला.

त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. उस्मानाबादचे अत्तार त्यांच्या उर्दू शाळेतले सोबती. त्यांच्या बापाच्या दुकानात मुआ बादल जाळून राख करायचे आणि ही दोघं पोरं नाक धरून पळायची. केसाचा वास. झाडाला कुठं असा वास येतो?

"मग मामंजी, तुम्ही चालवून कसं घेतलंत?"

"पाठीला... बरं वाटतं," ते म्हणाले.

मी हसले की रडले मला सांगता येणार नाही. एवढं मोठं सोवळं, आणि उत्तर इतकं साधं. मग त्यांनी पुढं सांगितलं. आजाऱ्याला नेम नाही, असं शास्त्र आहे. जन्मभर दुसऱ्यांना तेच सांगितलं. लोकांची म्हातारी माणसं आजारी पडली की यांनीच सांगायचं, त्यांना काही दोष नाही, द्या त्यांना काय हवं ते. "स्वतःला सांगायला," ते म्हणाले, "तोंड... वाकडं व्हावं लागलं."

"मग मला का विचारलंत?"

"तू... खोटं बोलतीस का... बघितलं. घरात एकजण... तरी पाहिजे."

मग त्यांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. "तिला... सांगू नको. मला माहीत हाय म्हणून. मी हाय तवर. तिला वाटतंय... तिनं मला राखलं." थोडं थांबून म्हणाले, "राखलंच की." आणि मान पलीकडं वळवली.

मी पाठ पुसली. आत्याबाई आल्या तेव्हा मी गंगाळ घासत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि डोळ्यांनीच विचारलं, विचारलं का त्यांनी? मी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, त्यांनी आपल्याला हवा तो अर्थ घेतला. घरात आता तिसऱ्या वर्गात ढग एकटा नव्हता. नवरा बायकोपासून लपवत होता, बायको नवऱ्यापासून, आणि दोघांचं मिळून माझ्याकडं ठेवायला दिलेलं.

मामंजी हिवाळ्यात गेले. पाठीनं नाही. छातीत कफ झाला आणि दोन-तीन दिवसांत आटपलं. न्हाऊ घातलं तेव्हा पाठीवर एकही उघडी जखम नव्हती. डॉक्टरांनी ते मुद्दाम आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

दिवसकार्य झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, यजमान उस्मानाबादेला परतले. मी स्वयंपाक करायची, आत्याबाई जेवायच्या. वरणात मीठ घालायला गेले की माझ्या हातावर हात ठेवायच्या. "माझं अळणी काढून ठेव." मला वाटलं, दुःखातलं व्रत असेल, चार दिवस चालेल. चालतच राहिलं. भाजी अळणी, आमटी अळणी. अशक्तपणा यायला लागला, उठता-बसता भिंत धरायच्या. यजमान रागावले, तरी आत्याबाई मीठ घेईनात.

संक्रांतीच्या सुमारास मी हट्टच धरला. दुपारी ताट समोर ठेवलं आणि म्हटलं, "आत्याबाई, कारण सांगितल्याशिवाय हे ताट मी उचलायची नाही, आणि तुम्हाला उठू द्यायची नाही."

त्यांनी ताटाकडं बघत सांगितलं. "त्यांना इटाळ झाला माझ्या हातानं. आयुष्यभर एका वस्तूला शिवले न्हाईत असल्या, आणि शेवटी मी रोज... त्यांना न विचारता. ते असते तर त्यांनी प्रायश्चित्त सांगितलं असतं. आता कोण सांगणार? मी माझं घेतलं. मीठ सोडलं, जन्माचं."

मला इतकी कीव आली आणि इतका संताप, की मी ताडकन म्हणाले, "त्यांना माहीत होतं."

"काय?"

"ढग कशाचा ते. अत्तार त्यांचे शाळासोबती. जळल्यावर केसाचा वास येतो, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. मला स्वतः सांगितलं त्यांनी. आजाऱ्याला नेम नाही म्हणाले. पाठीला बरं वाटतं म्हणाले. तुम्हाला सांगू नको म्हणाले, मी आहे तोवर."

आत्याबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. हातातला घास हातात.

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे मी 'ढगाचं' म्हटलं..."

"तेव्हाही."

  मग त्यांचा हात आपोआप स्वतःच्या ओठाशी गेला, कोपऱ्यापाशी, जिथून मामंजींचं तोंड वाकडं झालं होतं तिथं.

"अगंबाई," त्या हळूच म्हणाल्या. "तवा ते हसले होते गं. आणि मला वाटलं, झटका आला. मी त्यांचं डोकं धरून बसले."

मी त्यांच्याजवळ सरकले.

"हसत होते ते," त्या परत म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू फुटलं. मामंजी गेल्यापासून त्या अशा रडल्या नव्हत्या. मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं आणि मी घेतलं. आमच्यात तशी रीत नव्हती.

रडणं ओसरल्यावर त्यांनी पदरानं डोळे पुसले, ताट पुढं ओढलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "बसलीस काय? मीठ आण."